मागच्या दारचा हायवे

एव्हिस कटफर्थच्या घराला दोन दारं होती. पुढचं दार मोठ्या रस्त्यावर उघडायचं, मागचं ब्रॅकनबरींच्या शेतात. घराच्या एका अंगाला आगगाडीचे रूळ होते. दुसऱ्या अंगाला पाण्याचा रुंद चर होता, त्यात म्हैस बुडावी इतका गाळ. म्हणजे जायला-यायला वाटा दोनच. ज्या वर्षी राणीच्या डोक्यावर मुकुट चढला त्या वर्षी एव्हिस रोलंडशी लग्न करून या घरात आली, आणि आठवडाभरातच तिला कळलं की माणसांची ये-जा असते ती मागच्या दाराने. शेत तिरकं कापत एक पायवाट थेट थोर्सबी गावात, चर्चच्या भिंतीशी निघायची. चुलीवर चहाचं पाणी ठेवून निघावं आणि दुकानातून साखर घेऊन परत यावं, एवढंच ते अंतर. पुढच्या रस्त्याने जायचं तर पुलावरून मोठा वळसा होता.

एव्हिसला मावशीने वाढवलं होतं. मावशी वाईट नव्हती, पण तिच्या घरात "विचारलंस का?" हा एकच प्रश्न सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरायचा. पावाचा दुसरा तुकडा घेतला, विचारलंस का? खिडकी उघडली, विचारलंस का? ते एव्हिसच्या हाडीमांसी भिनलं होतं. त्यामुळे सगळं गाव त्या वाटेने बिनदिक्कत जातंय हे डोळ्यांनी दिसत असूनही, नव्या नवरीने मनुका घातलेला पाव भाजला, फडक्यात बांधला आणि ती थोरल्या ब्रॅकनबरींच्या दारात जाऊन उभी राहिली. "तुमच्या शेतातून गेलं तर चालेल का?" म्हातारा खो खो हसला. काय म्हणाला ते एव्हिसने घरी येऊन कोणाला सांगितलं नाही. त्या हसण्याचीच तिला इतकी लाज वाटली की रोलंडलाही ती काही बोलली नाही.

पुढची तीस वर्षं ती त्या वाटेने चालली. रविवारी चर्च, बुधवारी महिला मंडळ, आणि मधले दिवस आयडा. आयडा पॉकलिंग्टन चर्चच्या मागे राहायची. जाडजूड, तोंडाने फटकळ, हसली की खुर्ची हलायची. एव्हिसला मूल झालं नाही, बहीण नव्हती. जे काय सांगायचं ते आयडाला सांगायचं.

रोलंड बटाट्यांच्या व्यापाऱ्याकडे लॉरी चालवायचा. माणूस कष्टाळू होता, दारूच्या आहारी गेला नाही, हातही कधी उगारला नाही. फक्त बायको कुठे आहे हे त्याला ठाऊक असलेलं बरं वाटायचं. एव्हिसने एकदा गाडी शिकायची गोष्ट काढली, तेव्हा तो म्हणाला, "कशाला? मी आहे ना?" बोलण्यात राग नव्हता, म्हणून भांडताही आलं नाही.

मधल्या काळात पुढचा रस्ता रुंद झाला. बंदराकडे जाणाऱ्या लॉऱ्या रात्रंदिवस धावायला लागल्या. त्या गेल्या की कपाटातल्या बश्या किणकिणायच्या. रस्त्याच्या कडेला पाय ठेवायला वीतभर जागा राहिली नाही. एव्हिसने पुढच्या दाराला आतून कडी लावली आणि दाराखालच्या फटीत जुनी गोधडी कोंबली.

थोरले ब्रॅकनबरी वारले. मुलगा गाइल्स शहरातली नोकरी सोडून शेतीवर आला. पहिल्याच शरद ऋतूत कोणीतरी फिरायला आलेल्याने शेताचं फाटक उघडं टाकलं, आणि गाइल्सचे चार गोऱ्हे रुळांवर गेले. दोन गाडीखाली आले. पोरगं मुळात दुष्ट नव्हतं, पण त्या दिवशी त्याने रुळांवर जे पाहिलं त्यानंतर ते कोणाचं ऐकेना. दुसऱ्या दिवशी शेताच्या दोन्ही टोकांना काटेरी तार आली, पाच पदरी. फाटकाला साखळी, आणि वर पाटी: खाजगी जमीन, प्रवेश बंद.

एव्हिस धुणं वाळत घालायला मागे गेली तेव्हा तिला तार दिसली. हातात रोलंडचा ओला सदरा होता, तो पिळत ती तशीच उभी राहिली.

संध्याकाळी रोलंडला सांगितलं तर तो म्हणाला, "शेत त्याचं आहे. त्याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं."

"पण मी गावात कशी जाऊ?"

"काय आणायचं ते सांग. शनिवारी गाडीने जाऊ, आठवड्याचं एकदम भरू."

"आणायचं काही नाही रे. जायचं आहे."

रोलंडने तिच्याकडे असं पाहिलं की जणू ती परक्या भाषेत बोलतेय. मग त्याने वर्तमानपत्र उघडलं.

एकदा तिने पुढच्या रस्त्याने जाऊन पाहिलं. बुधवारचा दिवस, डोक्यावर हॅट, हातात मंडळासाठी केलेल्या बिस्किटांचा डबा. कुंपणाला अंग घासत, खाली मान घालून निघाली. पुलापर्यंतही पोचली नाही. एक लांबलचक लॉरी अशी जवळून गेली की तिच्या वाऱ्यानेच एव्हिस चराच्या उतारावर फेकली गेली. एक बूट पाण्यात गेला. डबा उघडून बिस्किटं गवतात सांडली. लॉरीवाल्याला कळलंसुद्धा नसेल. एका पायात बूट, दुसऱ्या पायात ओला मोजा अशी ती लंगडत घरी आली, आणि रोलंड यायच्या आत तिने सगळं धुऊन-पुसून ठेवलं. त्याला कळलं असतं तर त्याचं म्हणणं खरं ठरलं असतं.

मग हिवाळा लागला. रोलंड अंधारात निघायचा, अंधारात परत यायचा. मधला दिवस एव्हिसच्या एकटीच्या अंगावर पडायचा. सुरुवातीला ती फोनवर आयडाशी बोलायची. पण आयडाला फोनवर बोलणं जमायचं नाही. तिला समोर माणूस लागायचं, मांडीवर थाप मारायला. दोन वाक्यं झाली की म्हणायची, "बरं, भेटलीस की सांगेन." भेट व्हायची शनिवारी, दुकानात, रोलंड बाहेर इंजिन चालू ठेवून बसलेला असताना. तेवढ्यात काय सांगणार?

बुधवार आला की एव्हिस सवयीने हॅट घालायची, मागच्या दाराने निघायची आणि तारेशी जाऊन थांबायची. शेतापलीकडे चर्चचा मनोरा दिसायचा. वारा तिकडून येत असला तर मंडळातल्या पियानोचे सूरही ऐकू यायचे. ती उभी राहायची, हातमोज्यांतली बोटं गारठली की परत यायची आणि हॅट खुंटीला अडकवायची. तारेखालून वाकून जावं, हे तिच्या मनात एकदाही आलं नाही असं नाही. पण पाटीवर लिहिलं होतं ना. लिहिलेलं असताना कसं जायचं? आगगाडी धडधडत जायची तेव्हा डब्यांच्या खिडक्यांत माणसं दिसायची. एखादं मूल हात हलवायचं. ते मूल पुढच्या गावी पोचेपर्यंत एव्हिस तिथेच असायची. हळूहळू ती दिवसा पडदेही उघडेनाशी झाली.

वसंत ऋतूत एका दुपारी मागचं दार वाजलं. मागचं! एव्हिस दचकलीच. दारात मिस जेसप उभ्या होत्या. थोर्सबीच्या शाळेतल्या निवृत्त बाई, उंच, काटक, आणि त्यांच्या जाड मोज्याला गुडघ्यापाशी मोठं भोक पडलं होतं.

"तारेखालून आले," त्या म्हणाल्या. "आत येऊ का? की मलाही कुंपण घालणार आहात?"

चहा झाला. मिस जेसपनी बिस्कीट बुडवता बुडवता काम सांगितलं. गाव वाट उघडावी म्हणून सरकारकडे गेलं होतं. लवकरच गावच्या हॉलमध्ये चौकशी भरणार होती. साक्षीदार हवे होते.

"मिसेस कटफर्थ, तुमच्या मागच्या दारातून हायवे जातो, ठाऊक आहे का तुम्हाला?"

एव्हिसला हसूच आलं. कित्येक महिन्यांनी ती हसली. "हायवे पुढच्या दारी आहे, बाई. त्याच्याच धक्क्याने माझ्या बश्या फुटतात."

"तोही हायवे, आणि हाही."

"ही फूटभर रुंद पायवाट?"

"बोटभर असली तरी. आपण हायवे म्हटलं की लॉऱ्या डोळ्यांपुढे आणतो. नाहीतर जुन्या गोष्टींतले, घोड्यावरून वाटसरूंना लुटणारे दरोडेखोर. पण आपल्या कायद्यात तो शब्द फार जुना आहे. त्याचा रुंदीशी संबंध नाही, डांबराशी नाही, वेगाशी तर नाहीच. ज्या वाटेने वाटेल त्याला हक्काने जाता येतं तो हायवे. जमीन कोणाचीही असो, वहिवाट सगळ्यांची. राणीचा रस्ता म्हणतात ना, तो हाच. आणि एकदा झाला की झाला. तार लावून तो मरत नाही."

एव्हिस खिडकीबाहेर पाहत राहिली. तारेपलीकडे वाट गवतात बुडाली होती. नीट पाहिलं तर गवताचा रंग अजून तिथे वेगळा दिसत होता.

"पण तो होतो कसा?" तिने विचारलं. "कोणी ठरवतं?"

"पायांनी होतो. लोक वीस वर्षं चालत राहिले पाहिजेत. राजरोस, दिवसाढवळ्या. चोरून नाही, दांडगाईने नाही, आणि कोणाची परवानगी घेऊन नाही."

एव्हिसने कप खाली ठेवला. "परवानगी घेऊन नाही?"

"अर्थात. परवानगीने चाललात तर ती मालकाची मेहरबानी झाली. मेहरबानी तो केव्हाही काढून घेऊ शकतो. तुम्ही तर तीस वर्षं रोज चाललात. तुमच्याइतका पक्का साक्षीदार मला गावात मिळायचा नाही. याल ना?"

एव्हिस "बघते" म्हणाली. मिस जेसप आल्या तशा तारेखालून गेल्या. एव्हिस मात्र त्या खुर्चीवरून उठली नाही. सगळ्या गावात विचारायला गेलेली एकटी तीच होती. मनुका घातलेला पाव घेऊन! त्या एका पावाने सगळ्या गावाची वाट बुडणार, असं तिच्या मनाने घेतलं.

चौकशीची बातमी दारूच्या गुत्त्यात पोचली आणि थट्टेला ऊत आला. रोलंड एका संध्याकाळी लाल चेहऱ्याने घरी आला.

"सगळे मला विचारतायत, तुझी बायको हायवेवर किती वेगाने चालते म्हणून. काय चाललंय हे?"

"मिस जेसप आल्या होत्या. साक्षीला ये म्हणाल्या."

"तू जाणार नाहीस. माझ्या लॉरीत बटाटे कोणाचे असतात? ब्रॅकनबरीचे. उद्या तो मालकाला म्हणाला की त्या कटफर्थला माझ्या आवारात पाठवू नका, मग?"

"तो असं म्हणाला का?"

"म्हणायची वाट बघू? अगं, तुला इथे कमी काय आहे? सांग ना. घर ऊबदार आहे, भरलेलं आहे. बायका तरसतात अशा घराला."

एव्हिसला खरंच सांगता येत नव्हतं कमी काय आहे ते. पुढे लॉऱ्या, मागे तार, आणि मध्ये हा भला माणूस, ज्याच्याकडे बोट दाखवावं असं एकही पाप नव्हतं.

चौकशीच्या दिवशी तिने रोलंडचं जेवण बशीत झाकून ठेवलं, हॅट घातली आणि मिस जेसपना फोन केला. त्या गाडी घेऊन आल्या. रोलंडला तिने विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. गाडीत मिस जेसपना आपली पावाची गोष्ट सांगावी असं तिला दोनदा वाटलं, पण तोंड उघडलं नाही.

हॉलमध्ये लोक दाटीवाटीने बसले होते. मंचावर चौकशी अधिकारी होते, लंडनहून आलेले, सर्दी झालेले, सारखे रुमालात शिंकणारे. गाइल्स पुढच्या रांगेत त्याच्या बॅरिस्टरच्या शेजारी बसला होता. बॅरिस्टर प्रत्येक साक्षीदाराला एकच प्रश्न विचारत होता: तुम्ही कधी परवानगी मागितली होती का?

म्हाताऱ्या पोस्टमनने सांगितलं, "टपाल टाकायला परवानगी? कुत्र्याकडे मागितली होती एकदा, त्याने दिली नाही." हॉल हसला. आयडाची पाळी आली तेव्हा ती खुर्चीत न मावता म्हणाली, "मी का विचारू? माझी आजी जायची, आई जायची. आमच्यातल्या कोणी विचारलं असतं तर लोकांनी डॉक्टर बोलावला असता." पुन्हा हशा. एव्हिसला तो हशा कानशिलात लागला.

मग तिचं नाव पुकारलं. बॅरिस्टर अदबीने बोलत होता. ती कधीपासून राहते, कुठे जायची, किती वेळा, सगळं विचारून झालं. मग तो प्रश्न आला.

"आणि मिसेस कटफर्थ, तुम्हीही कधी परवानगी मागितली नाहीत, असंच ना?"

त्यानेच उत्तर तिच्या हातात दिलं होतं. नुसतं "हो" म्हणायचं होतं. समोर आयडा मान हलवून हो म्हण, हो म्हण असं खुणावत होती. खोटं बोलायचं तरी धाडस लागतं, तेही तिच्यापाशी नव्हतं.

"मागितली होती," ती म्हणाली.

मिस जेसपनी डोळे मिटले. बॅरिस्टर हळूच पुढे झुकला. "कोणाकडे?"

"थोरल्या ब्रॅकनबरींकडे. लग्न होऊन आले त्या आठवड्यात. पाव घेऊन गेले होते."

"म्हणजे तुम्ही तीस वर्षं मालकाच्या परवानगीने चालत होतात. धन्यवाद, मला आणखी काही विचारायचं नाही."

तो बसला. एव्हिसही उठायला लागली. तेवढ्यात अधिकाऱ्यांनी रुमाल बाजूला केला.

"एक मिनिट, बाई. तुम्ही विचारलंत. ते काय म्हणाले?"

"हसले, साहेब."

"हसले. आणि मग?"

एव्हिसने मान खाली घातली. ते शब्द तिने तीस वर्षं कोणाला सांगितले नव्हते. "म्हणाले, 'अगं वेडे, मला काय विचारतेस? मला कोणी विचारतं का? ही वाट माझ्या बापालाही अडवता आली नाही आणि मलाही येणार नाही. ती माझी असती तर तुला दिली असती. जा, सगळे जातात तशी जा.' आणि पाव मात्र ठेवून घेतला."

आधी कोणालाच काही कळलं नाही. मग मिस जेसपनी डोळे उघडले. अधिकारी घाईघाईने लिहायला लागले आणि लिहिता लिहिता म्हणाले, "म्हणजे परवानगी देणं आपल्या हातीच नाही, असं मालकच म्हणाले. जरा सावकाश, पुन्हा सांगा. 'ती माझी असती तर', पुढे?" बॅरिस्टरने गाइल्सकडे पाहिलं. गाइल्स पाहत होता एव्हिसकडे. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बापाचा आवाज त्याने ओळखला असावा.

आयडाने बाहेर येताच एव्हिसचा दंड धरला. "तीस वर्षं! तीस वर्षं माझ्यासमोर चहा पितेस आणि ही गोष्ट सांगितली नाहीस, बये?"

"तू हसली असतीस."

"हसलेच असते! मग?"

निकाल यायला पुढचा हिवाळा गेला. तो हिवाळा पहिल्यापेक्षा वाईट. रोलंडची नोकरी गेली नाही. गाइल्सने चकार शब्द काढला नाही. पण रोलंडने बोलणं टाकलं. त्याच्यामागे, त्याला न सांगता ती चार लोकांत जाऊन उभी राहिली, हे त्याला गिळता येईना. शनिवारी तो गाडीत तिच्या शेजारी बसायचा, दुकानापुढे थांबायचा, परत आणायचा, सगळं तोंड न उघडता. एव्हिसला वाटायचं, तो ओरडला तर बरं. दिवसा कोणी नसलेलं घर आणि रात्री कोणी असलेलं घर यांत फरक उरला नव्हता. तार तशीच होती. थंडीत तिच्यावर दहिवराचे थेंब गोठायचे.

मार्चमध्ये कळवलं गेलं की वाट सार्वजनिक हायवे ठरली. गाइल्सने स्वतः तार कापली. गुरं बाहेर पडू नयेत आणि माणसाला जाता यावं अशा दोन फळ्यांच्या पायऱ्या त्याने कुंपणावर बसवल्या. एव्हिस दारातून पाहत होती. जाताना तो म्हणाला, "खालची फळी निसरडी आहे, जपून. आणि कुत्रेवाल्यांना सांगा, दोरी धरा म्हणावं." एवढंच.

दुसऱ्या दिवशी एव्हिस हॅट घालून पायऱ्यांपाशी गेली. एक पाय फळीवर ठेवला. वर उचलेना. तिला काही कळेना. तार नाही, पाटी नाही, साखळी नाही. छाती मात्र अशी धडधडायला लागली की ती परत आली आणि स्वयंपाकघरात बसून राहिली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. त्या रात्री रोलंडने वर्षभरात पहिल्यांदा विचारलं, "गेलीस का?" ती नाही म्हणाली. त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं नाही. तो थोडा घाबरल्यासारखा दिसला. बशी उचलून त्याने स्वतः धुवायला नेली.

पुढच्या दिवशी सकाळी ती दोरीवर चादरी घालत होती. तोच मागून आवाज आले. एक नवरा-बायको, कोण कुठले, पाठीवर पिशव्या, तांबडे मोजे, पुरुषाच्या गळ्यात नकाशा. पुढच्या रस्त्यावरून चराच्या बांधाने येऊन ते सरळ तिच्या धुण्याशेजारून निघाले.

"शुभ सकाळ! छान वारं आहे वाळत घालायला," बाई म्हणाली. रोलंडच्या चड्ड्यांकडे बघत पुरुषाने हॅटला हात लावला, आणि दोघं फळ्यांवर चढून पलीकडे उतरलीसुद्धा.

एव्हिसच्या अंगाचा तिळपापड झाला. ना ओळख ना पाळख! तिच्या मागच्या दारातून! तिने दोन हिवाळे या वाटेपायी काय काय सोसलं, आणि हे तांबडे मोजे बाजारात फिरावं तसे निघाले! ती तावातावाने पायऱ्यांपर्यंत गेली, काहीतरी ओरडायला म्हणून. फळीवर चढली. वरून पाहिलं तर ती दोघं ओल्या मातीत पाय रुतवत निघाली होती, आणि चुकीच्या बाजूला, डबक्याच्या दिशेने वळत होती.

"अहो! तिकडून नाही! डावीकडून, डावीकडून!"

वारा उलटा होता, त्यांना ऐकू गेलं नाही. एव्हिस पलीकडे उतरली आणि हात हलवत त्यांच्या मागे निघाली. डोक्यावर हॅट नव्हती, कमरेला ओला ॲप्रन, खांद्यावर कपड्यांचे चिमटे. डबक्यापाशी तिने त्यांना गाठलं, नीट वाटेला लावलं आणि चर्चच्या भिंतीपर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेली. तिथे त्यांनी आभार मानले आणि ते मनोरा बघायला गेले.

एव्हिसने श्वास घेतला. मग भिंतीला वळसा घालून आयडाचं दार ठोठावलं.

आयडाने दार उघडलं, तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, ॲप्रन, चिखल, चिमटे.

"मेली! एवढ्या दिवसांनी येतेस आणि हा अवतार? पाय पूस आधी. सकाळीच फरशी धुतलीय."